हसू नका, जॅकेट घाला

केलेरा माइक घेऊन उभी राहिली की आमच्या बोटीवर हशा पिकायचा. काम तसं रुक्षच. लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत, ती कशी घालायची, बोट कलंडली तर काय करायचं, एवढं धक्क्यावरून निघता निघता पाहुण्यांना सांगायचं. पूर्वी ती ते सरळ सांगायची. मग कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं की सहल छान, जेवण छान, पण सूचना देणारी बाई शाळेतल्या मास्तरणीसारखी वाटते. मॅनेजरने तिला बोलावून घेतलं. "केलेरा, लोक सुट्टीवर येतात. जरा हसव की त्यांना." तिला हे सांगायची काही गरज होती का? ती बाकावर बसली, बाक करकरला, तर बाकाशी भांडण काढणारी बाई ती.

"मंडळी, बुला!" असा इथला नमस्कार घालून ती सुरू करायची. "जॅकेट तुमच्या बाकाखाली आहेत. बोट बुडालीच तर आधी बिअरची पेटी वाचवा, मग वेळ मिळाला तर नवऱ्याला. आणि घाबरू नका. आपला कॅप्टन कालपर्यंत बस चालवत होता. पाण्यात आज त्याचा पहिलाच दिवस."

मग वरच्या सुकाणूच्या खोलीतून कॅप्टन अपेनिसाचा आवाज कर्ण्यावर यायचा, "ही बाई ज्या बाजूला बसेल तिच्या विरुद्ध बाजूला बसा हो. नाहीतर आपण गोल गोल फिरत राहू."

लोक टाळ्या पिटायचे. बाकाखाली वाकून कोणी बघायचं नाही. जॅकेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोरीने बांधून ठेवलेली होती, म्हणजे मळायला नकोत. मी मागच्या डेकवर मासे भाजत असायचे आणि हे सगळं मला रोज ऐकू यायचं.

केलेरा आणि अपेनिसा एकमेकांचे तौवू. तिचं गाव आणि त्याचं बेट यांचा मूळ देव एकच, म्हणून दोन्हीकडच्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं. तौवूने तौवूला काहीही बोलावं, त्याच्या ताटातला मासा उचलावा, अंगातला शर्ट मागून न्यावा. समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तो हरला. मी उसाच्या गावातली, हिंदुस्तानी घरातली. आमच्यात दीर भावजयीची थट्टा करतो, पण तिला काही वेळकाळ असतो. यांची थट्टा कुठेच थांबत नाही, मयतावरसुद्धा चालू असते. मला त्याचं फार कौतुक होतं. आता संताप येतो.

एका दुपारी आम्ही वाळूच्या बेटावरून परत येत होतो. परतताना प्रवाळाच्या भिंतीतल्या खिंडीतून यावं लागतं, आणि वारा नि ओहोटी समोरासमोर आले की तिथे पाणी भिंतीसारखं उभं राहतं. बोट अशी कलली की एक चिमुरडी बसल्या जागेवरून घसरत कठड्याखालच्या फटीपर्यंत गेली. केलेराने आडवं पडून तिचा पाय धरला. पोरीच्या आईबापांना वाटलं, हा करमणुकीचाच भाग. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग केलेरा माझ्या भट्टीजवळ येऊन बसली.

"फुलमती, खिंडीच्या आधी सगळ्यांनी जॅकेट घातलीच पाहिजेत. अपेनिसानेही. तो तर जन्मात घालत नाही."

"मग सांग की त्याला."

"काय सांगू? मी तोंड उघडायच्या आत तो हसायला बसलेला असतो."

तरी तिने सांगितलं. अपेनिसा म्हणाला, "जॅकेट घालून तुझ्यासारखा फुगलेला दिसू? बायको घरात घेईल का?" मग ती मॅनेजरकडे गेली. तो म्हणाला, नारिंगी जॅकेटात लोकांचे फोटो चांगले येत नाहीत, आणि शिवाय त्यांना उगीच भीती वाटते. त्या माणसाला पोहता येत नव्हतं आणि तो कधी बोटीवर पायही ठेवायचा नाही, म्हणून मी त्याच्याबद्दल याहून जास्त बोलत नाही.

शेवटी केलेराने एक शक्कल लढवली. आमच्याकडे कुठलीही गंभीर गोष्ट यांगोनाची मुळं पुढे ठेवून बोलतात. मुलीला मागणी घालायची असो, माफी मागायची असो, मुळांची जुडी चटईवर ठेवली की समोरच्याला ऐकावंच लागतं. रविवारी प्रार्थनेनंतर ती नवा झगा घालून, जुडी घेऊन अपेनिसाच्या घरी गेली. मलाही सोबत नेलं. त्याच्या बायकोने, लितियानाने, चटई अंथरली. केलेरा पाय दुमडून बसली, जुडी पुढे ठेवली, मान खाली घातली आणि जुन्या, मानाच्या भाषेत बोलायला लागली. मी तिला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"मी आज तौवू म्हणून आलेले नाही. तुमच्या बोटीवर पोट भरणारी बाई म्हणून आले आहे. खिंडीआधी पाहुण्यांना जॅकेट घालू द्या. आपणही घाला. एवढं मागणं आपण पदरात घ्यावं."

अपेनिसाचे ओठ थरथरले. मला वाटलं, पोचलं त्याला. तेवढ्यात लितियानाला खुदकन हसू फुटलं, आणि मग अपेनिसाने चटईवर थाप मारली.

"जिंकलीस, तौवू! असं नाटक माझ्या बापजन्मात कोणी केलं नव्हतं!"

त्याने गंभीर चेहरा करून जुडी उचलली, ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या आणि तिच्याच सुरात म्हणाला, "या बाईंचं मागणं आमच्या पूर्वजांपर्यंत पोचलं आहे. पूर्वज म्हणतात, बाईंनी आधी वजन कमी करावं."

पोरंटोरं गडाबडा लोळली. केलेराही हसली. न हसती तर रागावली असं झालं असतं, आणि रागावलेल्या तौवूची तर आणखीच खेचतात. तिचीच मुळं कुटून, भिजवून सगळे संध्याकाळपर्यंत पीत बसले.

अपेनिसा वाईट माणूस नव्हता. माझा नवरा गेला तेव्हा तेराव्याला भांडी घासायला बसलेला माणूस तो. समुद्राचं त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. पण थट्टा म्हटली की त्याचे कान बंद व्हायचे.

त्या शनिवारी बोट भरलेली होती. पाहुण्यांची बिअर संपेना, म्हणून बेटावरून निघायला उशीर झाला आणि दक्षिणेचा वारा चांगलाच उठला. बरेचसे लोक वरच्या डेकवर चढून गात होते. खिंडीच्या तोंडाशी पांढरं पाणी दिसायला लागलं तशी केलेराने माइक घेतला.

"सगळ्यांनी जॅकेट घाला. आत्ता. वरचे खाली या."

लोक हसले. त्यांनी फोन वर धरले.

"हसू नका, जॅकेट घाला! मी खरं सांगतेय."

"खरं सांगतेय!" एका पाहुण्याने तिची नक्कल केली. आणखी हशा.

तिने वर बघून हाक मारली, "अपेनिसा, बोट फिरव! आत थांबू, वारा पडू दे!"

कर्णा खरखरला. "मंडळी, माझ्या तौवूला भीती वाटतेय. तिच्या गावात मासेसुद्धा पाण्याला भितात."

केलेरा रडायला लागली. उभ्या उभ्या, माइक हातात धरून, मोठ्या आवाजात रडली. पुढच्या बाकावरची बाई म्हणाली, "काय अभिनय करते ही!" आणि टाळ्या सुरू झाल्या. मला त्या टाळ्यांची इतकी चीड आली की हातातला चिमटा मी फेकून दिला. केलेराने माइक टाकला, माझा मासे कापायचा सुरा उचलला आणि बाकाखालच्या दोऱ्या कापायला घेतल्या. मीही गेले. पोरांच्या डोक्यातून आम्ही जॅकेट नुसती कोंबत होतो. एक बाप माझ्यावर ओरडला, की पोरगं घाबरतंय.

पहिली लाट आली तेव्हा वरचे सगळे एका बाजूला घसरले. दुसरीने बोट आडवी केली.

पाण्यात मी कुठे होते, काय केलं, ते मला सलग आठवत नाही. तोंडात डिझेलची चव होती. मी बर्फाच्या पेटीला धरलं होतं, शेजारी केलेरा होती, तिच्या काखेत दोन पोरं आणि दंडात अडकवलेलं एक रिकामं जॅकेट. अपेनिसा थोड्या अंतरावर एका म्हाताऱ्या पाहुण्याला मानेखाली धरून तरंगवत होता. केलेराने जॅकेट त्याच्याकडे फेकलं.

"घाल! तुझ्यासाठी आहे, तू घाल!"

त्याने ते उचललं, तिच्याकडे बघितलं आणि हसला. खरंच हसला, दात दिसले त्याचे. "तुझ्या मापाचं दिसतंय, तौवू. यात आम्ही दोघं मावू!" असं म्हणून त्याने ते म्हाताऱ्याच्या गळ्यात घातलं आणि त्याला आमच्याकडे ढकललं. म्हातारा पोचला. पुढच्या लाटेने अपेनिसाला प्रवाळाच्या भिंतीकडे ओढलं, आणि मग तो मला दिसला नाही.

मासेमारीच्या होड्या आल्या, त्यांनी सगळ्यांना उचललं. हातपाय मोडले, पण पाहुण्यांपैकी कोणी गेलं नाही. पोरं तर सगळी तरंगत होती. अपेनिसा दुसऱ्या दिवशी ओहोटीला प्रवाळावर सापडला.

पोलीस ठाण्यात एका पाहुण्याने काढलेला व्हिडिओ आम्हाला दाखवला. केलेरा रडते, लोक टाळ्या वाजवतात, कर्णा म्हणतो की तिच्या गावात मासेसुद्धा पाण्याला भितात. ते ऐकून बाजूला उभ्या असलेल्या शिपायाला हसू आलं. त्याने लगेच तोंड फिरवलं, पण केलेराने ते पाहिलं. साहेब म्हणाले, "बाई, सूचना जरा गांभीर्याने द्यायला हव्या होत्या."

त्यानंतर तिने कुणालाही उत्तर देणं सोडलं. मी डाळभात नेऊन ठेवायचे, तो तसाच राहायचा.

अपेनिसाला पुरायला नेत होते त्या दिवशी सगळा समुद्रकाठ लोटला होता. चर्चपासून दफनभूमीपर्यंतच्या वाटेवर केलेराच्या गावचे लोक मधोमध फतकल मारून बसले आणि म्हणाले, यांगोना द्या, नाहीतर कॅप्टनला जाऊ देत नाही. एकाने शवपेटीवर टकटक केलं. "ऊठ रे आळशा, बोट सुटतेय!" दुसरा पेटीवरची चटई ओढून स्वतःच्या खांद्यावर घेऊन मिरवत होता. रडून रडून सुजलेली लितियाना मध्येच हसायची. मयतावर तौवूचं कामच ते. घरच्यांचा ऊर फुटू नये म्हणून त्यांनी हसवायचं असतं. लोक एकमेकांना विचारत होते, केलेरा कुठाय? सगळ्यात मोठी तौवू तर तीच. नक्की काहीतरी झकास काढणार ती.

केलेरा आली. हातात नारिंगी जॅकेट होतं. कुठून आणलं कोण जाणे, त्यावर अजून वाळू चिकटलेली होती. खांदेकऱ्यांनी पेटी खाली टेकवली. केलेरा गुडघ्यांवर बसली, जॅकेट पेटीवर ठेवलं आणि पेटीखालून हात घालून पट्टा ओढायला लागली. पेटी रुंद होती. पट्टा पुरेना. ती ओढत राहिली, तिची नखं लाकडाला लागत होती.

"घाल ना रे," ती म्हणाली. "अपेनिसा, आता तरी घाल."

मी शेजारीच उभी होते. तिने त्याला तौवू म्हटलं नाही, हे मी ऐकलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "पट्टा पुरत नाही गं, तुझ्या मापाचं आण!" आणि मग सगळी वाट हसली. खांदेकरी हसले, पाद्री खाली बघून हसले, लितियाना तोंडावर हात दाबून हसत हसत म्हणाली, "बघ रे, कशी आली तुझी तौवू." मी केलेराचा खांदा धरून तिला उठवायला गेले. तिने माझा हात झटकला आणि सगळ्यांकडे वळून बघितलं. तिचा चेहरा ओला होता.

"मी थट्टा करत नाहीये," ती म्हणाली.

त्यावर लोक आणखी हसले.