लाल ढाल

"ताई, स्क्रीनवर काय दिसतंय ते जसंच्या तसं वाच," भाऊ फोनवर म्हणाला.

"लाल ढाल आहे. लुकलुकतेय. खाली लिहिलंय, तुमच्या कॉम्प्युटरवर घाण सापडली आहे."

"घाण असं लिहिलंय?"

"इंग्रजीत लिहिलंय. घाण हा शब्द माझा."

भाऊ हसला. ताईला हसू आलं नाही. तीन आठवडे चादरीखाली झाकून ठेवलेला कॉम्प्युटर आज तिला उघडावा लागला होता, कारण तिच्या लेकीच्या, छोटीच्या, शाळेने काहीतरी छापून आणायला सांगितलं होतं. चालू केल्याबरोबर ती ढाल पुन्हा तोंड वर करून पुढ्यात हजर झाली होती. ताईने माऊससुद्धा दोन बोटांत धरला होता.

ताई रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. थुंकीच्या डब्या, शौचाचे नमुने, पुवाने भरलेले बोळे, सगळं तिच्या हातांखालून जायचं. नव्या मुली पहिल्या आठवड्यात तोंडाला रुमाल लावून बाहेर पळायच्या. ती त्यांना म्हणायची, "अगं, माणसाच्या अंगातलंच आहे ते, त्याला काय नाक मुरडायचं." मग हात स्वच्छ धुऊन स्वतःचा डबा उघडायची आणि पोटभर जेवायची. आपल्याला कशाची किळस येत नाही, असं तिला खरोखरच वाटायचं. घरातल्या त्या संध्याकाळपर्यंत.

त्या संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा तिचे सासरे, आप्पा, कॉम्प्युटरपुढे बसले होते आणि शेजारच्या स्टुलावर छोटी. आप्पांचा सगळा जन्म पाणीपुरवठ्यात वॉल्व उघडण्या-बंद करण्यात गेला होता. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद लागला, नातीबरोबर देवमासे बघायचा. शाळा सुटली की दोघं व्हिडिओ लावून बसायची. एवढा मोठा जीव पाण्यात श्वास कोंडून राहतो तरी किती वेळ, यावर त्यांची रोज भांडणं व्हायची. त्या दिवशी मात्र पडद्यावर देवमासा नव्हता. लाल ढाल होती आणि तिच्याखाली अश्लील फोटोंची भली मोठी यादी. हे सगळं या कॉम्प्युटरवर आहे, पैसे भरा म्हणजे पुसून देतो, असं वर लिहिलेलं. ताईने तीन-चार नावं वाचली आणि छोटीचा दंड धरून तिला स्टुलावरून खाली ओढलं.

"आप्पा, हे काय आहे?"

आप्पांना इंग्रजी अक्षर अक्षर जुळवून वाचावं लागायचं. चष्मा वर करून ते वाचत राहिले. एक शब्द कळला तसे थांबले. मग त्यांनी वळून दाराशी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं. ताईचा नवरा भिंतीकडे बघत होता.

"माझ्याच हातून लागलं असेल काहीतरी," आप्पा म्हणाले. "पुन्हा हात लावणार नाही, सूनबाई."

"या वयात, आप्पा," ताई म्हणाली. "आणि पोरीला शेजारी बसवून."

आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला. वाद घातला असता, चिडले असते, तर कदाचित तिच्या मनात शंका तरी आली असती. त्यांनी निमूटपणे कबूल केलं आणि तिथून तिच्या अंगावर काटा यायला सुरुवात झाली. त्यांचा पेला ती वेगळा घासू लागली. ते जेवताना ताटाकडे बघवेना. छोटीला तिने सांगितलं, आजोबांना बरं नाही, त्यांच्याजवळ जायचं नाही. आप्पांनी हे ऐकलं असावं. दुसऱ्या दिवसापासून छोटी शाळेतून यायच्या वेळी ते चपला घालून बाहेर निघून जाऊ लागले.

"ताई, आहेस ना?" फोनमधून भाऊ म्हणाला. "दुसरं काही उघडून बघ. कॅल्क्युलेटर उघड."

तिने उघडायला घेतला. ढाल पुन्हा लुकलुकली. "कॅल्क्युलेटरलाही लागण झालीय म्हणतोय."

"बघ. बेरीज-वजाबाकीला कसली लागण होते? अगं, हाच तो व्हायरस. अँटिव्हायरसचा सदरा घालून बसलाय. सगळं खोटं दाखवायचं, माणूस घाबरला की पैसे उकळायचे."

"सगळं खोटं म्हणजे?"

"म्हणजे व्हायरस सापडले, फाइली बिघडल्या, घाणेरडे फोटो सापडले, जे जे म्हणतो ते सगळं."

ताईचा हात माऊसवरून खाली आला. "फोटोंची यादी आहे रे इथे. नावं आहेत."

"वाच एखादं."

"मी नाही वाचणार ते."

"बरं, थांब. लाल ढालीचा व्हायरस म्हणून शोधलं तर इथे लोकांनी टाकलेले स्क्रीनचे फोटोच आलेत. मी वाचतो, तू फक्त जुळवून बघ." आणि तिचा धाकटा भाऊ, जो तिच्यासमोर कधी साधी शिवीही देत नसे, घसा खाकरून एकेक नाव वाचू लागला. पहिलं नाव जुळलं. दुसरंही जुळलं. तो पुढे वाचत गेला आणि तिच्या पडद्यावर तीच नावं त्याच क्रमाने खाली उतरत होती. "झालं की अजून वाचू? मलाच शिसारी यायला लागली."

"पुरे," ताई म्हणाली.

"जगभर सगळ्यांना हीच यादी दाखवतो. त्या नावाचा एकही फोटो तुझ्याकडे नसणार. का गं, काय झालं?"

"काही नाही. तू काढायचं कसं ते सांग."

त्याने सांगितलं तसं ती करत गेली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, चालू होताना वरच्या रांगेतली कळ दाबत राहिली आणि सेफ मोडमध्ये शिरली. तिथे चित्रं मोठी, रंग फिके, पण ढाल नव्हती. भावाने सांगितलेल्या जागी, चार फोल्डर आत, अर्थ नसलेल्या अक्षरांच्या नावाची एक फाइल निघाली. एवढीशी. प्रयोगशाळेतल्या काचपट्टीवर दिसणारे जंत निदान जगण्यासाठी माणसाला चिकटतात. ही फाइल कुणीतरी चहा पीत, विचार करून लिहिली होती. काय म्हटलं की माणूस लाजेने गप्प बसेल आणि मुकाट पैसे भरेल, हे त्याने बरोबर ताडलं होतं. तिने फाइल पुसली, कचऱ्याच्या डब्यातूनही पुसली, सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या गोष्टींमधून तिचं नाव काढलं, आणि मग भावाने मागे कधीतरी दिलेल्या पेन ड्राइव्हवरून खरं अँटिव्हायरस फिरवलं.

"पण हे आलं कुठून?" तिने विचारलं.

"फुकटातलं काहीतरी उतरवलं असेल कुणी. डाउनलोडमध्ये बघ."

तिथे एकच अनोळखी नाव होतं. मॅच फुकट दाखवणारा प्लेअर. घरात मॅच बघणारं माणूस एकच होतं.

नवरा आतल्या खोलीत पलंगावर लोळून शेंगदाणे खात होता. ताई दाराशी उभी राहिली.

"मॅचसाठी तू काही टाकलं होतंस कॉम्प्युटरवर?"

त्याने चावणं थांबवलं. "हो, एक प्लेअर. चाललाच नाही धड. त्यानंतर ते ढालीचं सुरू झालं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं, आप्पांनी काही केलं नाही."

"अगं, तूच आधी आप्पांना बोललीस. ते पण हो म्हणाले. मग मी मध्ये काय बोलणार? मला वाटलं, त्या प्लेअरबरोबरच आले असतील ते फोटो. तुला पटलं असतं का, मी बघितले नाहीत म्हणून?"

"तीन आठवडे?"

"मला वाटलं, दोन दिवसांत शांत होईल सगळं."

"ते फोटो नव्हतेच. सगळं खोटं होतं. काढून टाकलं मी."

त्याचा चेहरा उजळला. "नव्हतेच? मग झालं तर. सुटलो." आणि त्याने मुठीतले उरलेले शेंगदाणे तोंडात टाकले.

त्याच्या जबड्याकडे, ओठाला चिकटलेल्या लाल सालाकडे ताई बघत राहिली. या तोंडाचा आपण कधीकाळी मुका घेतला होता हे तिला आठवलं. ती न्हाणीघरात गेली आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागली. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. त्याच हातांनी तिने आप्पांचा पेला वेगळा घासला होता. ते काही नळाखाली धुऊन जाईना.

आप्पा गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. फक्त आपले. पायजमा, दोन बनियन, टॉवेल. बाकीच्यांच्या कपड्यांना धक्का लागू नये म्हणून ते चिमटे सावकाश काढत होते.

"आप्पा," ताई म्हणाली, "त्या कॉम्प्युटरवर काही नव्हतं. तो लबाडीचा प्रोग्राम होता. नावं खोटी, फोटो खोटे. भावाने सांगितलं, सगळ्यांना तेच दाखवतो."

आप्पांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "फोटो नव्हतेच?"

"नव्हतेच. आप्पा, मी तुम्हाला नको ते..."

"म्हणजे त्यानेही काही बघितलं नव्हतं?" त्यांनी मान आतल्या खोलीकडे वळवली. "नक्की ना?"

मग तिला कळलं. त्या संध्याकाळी आप्पांनी मुलाकडे का पाहिलं, आणि पाहून लगेच हो का म्हटलं. मुलाची लाज त्यांनी अंगावर घेतली होती आणि तीन आठवडे तिची नजर सोसली होती. मुलगा मात्र भिंतीकडे बघत राहिला होता. प्लेअर त्यानेच टाकला होता आणि तरी तो गप्प राहिला, हे आप्पांना सांगावं, असं तिच्या जिभेवर आलं.

"नाही आप्पा. कुणीच काही बघितलं नव्हतं."

"बरं झालं," ते म्हणाले आणि कठड्याला टेकले. "मला फार वाईट वाटत होतं बघ. वाटायचं, वाढवण्यात माझंच काही चुकलं." मग म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. आई आहेस, पोरीला जपणारच."

"माफ करा म्हणायचं तोंड नाही मला."

"नको म्हणू."

तिने छोटीला हाक मारली. आजोबा बरे झाले, म्हणाली. छोटीने लगेच आप्पांचा हात धरून त्यांना ओढत कॉम्प्युटरपुढे नेलं आणि आपला स्टूल खेचून त्यांच्या खुर्चीला भिडवला. देवमासा निळ्या पाण्यातून वर येऊ लागला. आतल्या खोलीत नवऱ्याने टीव्ही मोठा केला होता, म्हणून ताई त्या दोघांच्या खोलीचं दार ओढून घेऊ लागली.

आप्पांनी आपली खुर्ची नातीपासून हातभर मागे सरकवली आणि दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले.

"दार उघडंच राहू दे, सूनबाई," ते म्हणाले.