पाच दिवसांच्या गोळ्या

"अण्णा, त्याच गोळ्या दे की. लग्नाच्या पाचशे भाकरी हायत आज," काउंटरला धरून गौरम्मा म्हणाली.

रेवणप्पाने न विचारता मागच्या खणातून पट्टी काढली. सोलापुरातल्या त्या मेडिकलमध्ये तो बावीस वर्षं काम करत होता. गौरम्मा मागच्या गल्लीत कडक भाकरी करून विकायची. चुलीपुढे बसून बसून तिचे गुडघे झिजले होते. हाडांच्या डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या फक्त पाच दिवसांसाठी लिहिल्या होत्या, त्याही जेवल्यावर घ्यायला. त्याला आता आठ महिने झाले होते. दिवसाला एकीच्या तीन झाल्या होत्या, पहिली पहाटे उपाशीपोटी. मालक म्हणायचे, रोजचं गिऱ्हाईक आहे, देत जा. आणि गोळीने तिची चाल सुधारलेली बघून रेवणप्पालाही बरं वाटायचं.

आज पट्टी देताना त्याला तिची नखं दिसली. पांढरीफटक. चक्कर येते का, असं त्याने विचारलं. उन्हाने येत असेल, असं ती म्हणाली. मग आजूबाजूला बघून तिने आवाज खाली आणला.

"आठवडा झाला, परसाकडला डांबरावानी काळं हुतंय. कशानं असंल?"

रेवणप्पाचा हात थांबला. अशा गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्त झिरपलं की असं होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने पट्टी मागे घेतली.

"अक्का, ह्या गोळ्या आता बंद. आत्ताच दवाखान्यात चल."

गल्ल्यावर बसलेल्या मालकांनी मान वर केली. गौरम्मा हसली. भाकरी पोचवून संध्याकाळी जाईन म्हणाली आणि भिंतीला हात लावत निघून गेली. घरी तिच्याकडे आधीच्या पट्टीतल्या अजून चार गोळ्या होत्या, हे रेवणप्पाला माहीत होतं. तरी तो गिऱ्हाइकं करत राहिला. दुपारी मात्र त्याला राहवलं नाही. मालकांना न सांगता तो तिच्या घरी गेला.

ती चुलीपाशी आडवी पडली होती. चहाच्या चोथ्यासारखी काळपट उलटी झाली होती. सून दिपाली तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दोघांनी तिला रिक्षात घातलं.

दवाखान्यात रक्ताची बाटली लावून डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुठल्या, कुणी दिल्या. गौरम्माने डोळे उघडले. रेवणप्पाकडे तिने पाहिलं नाही.

"बाजारात एक बाई द्येत हुती," ती म्हणाली. "वळखीची न्हाय."

खिशात रेवणप्पाचा फोन थरथरत होता. मालकांचाच असणार. त्याने तो बंद केला. डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलं, दिवसाला किती, किती महिने, तेही सांगितलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच दिल्या."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. रक्तस्राव थांबेल की नाही, आता सांगता येणार नाही, असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले.

गौरम्माने डोळे मिटून घेतले. रिक्षातून उतरल्यापासून तिच्या चपला रेवणप्पाच्या हातात होत्या. दिपालीने त्या काढून घेतल्या आणि ती खाटेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.