धूळपाटी आणि धरलेले मनगट

मी एक जुनी धूळपाटी आहे. चार कडांची लाकडी पाटी आणि तिच्यात बोटभर बारीक वाळू, एवढाच माझा संसार. हल्ली मला सगळे ‘सँड ट्रे’ म्हणतात. म्हणोत बापडे. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मला चटकन किळस येते. आणि नशीब असे की माझे सारे आयुष्य अशा खोलीत गेले, जिथे शेंबूड, लाळ आणि बिस्किटाचा चुरा यांना कधी तोटा पडला नाही.

एका सुतारकाकांनी कपाटाच्या उरलेल्या फळीतून मला बनवले. माझ्या कडा त्यांनी चांगल्या उंच ठेवल्या होत्या. ज्यांच्यासाठी मला बनवले त्या ताईंनी मात्र मला पाहताच मान हलवली.

“काका, कडा तासून कमी करा. मुलाचं कोपर टेकलं पाहिजे. टेकलं नाही तर बोट थरथरतं.”

“मग वाळू सांडेल की.”

“सांडू दे. झाडू आहे माझ्याकडे.”

काका पुटपुटत रंधा घेऊन बसले आणि माझ्या कडा खाली आल्या. तेव्हापासून वाळू रोज सांडते.

औषधाच्या दुकानाच्या वर ताईंच्या दोन खोल्या होत्या. ज्या मुलांशी अक्षरांचे जमत नाही अशी मुले तिथे येत. कुणाला अक्षर उलटे दिसायचे, कुणाला पेन्सिल धरणे म्हणजे शिक्षा वाटायची, कुणी ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत तिची सुरुवात विसरून जायचे. मठ्ठ नव्हती हो ती. त्यातली निम्मी तर बोलण्यात ताईंना गुंडाळून ठेवत. ती माझ्या वाळूत बोटाने मोठे अक्षर काढत आणि काढताना त्याचा आवाज तोंडाने म्हणत. चुकले की मला दोन्ही हातांनी हलवायचे, वाळू पुन्हा सपाट. एक आई एकदा म्हणाली होती, “घरी वही काढली की याच्या पोटात दुखतं. इथे आपणहून बसतो.” ते ऐकून मी थोडी शेफारले होते, खोटे कशाला बोलू.

ताईंचा एकच हट्ट होता. मुलाचा हात धरायचा नाही. त्या शेजारी बसून स्वतःच्या बोटाने हवेत अक्षर काढून दाखवत आणि मग वाट पाहत. कधीकधी इतकी वाट पाहत की मला जांभया येत. नव्या पालकांना त्या सांगत, “हात धरला की ते अक्षर माझं होतं. मुलाचं राहत नाही.”

घाण मात्र विचारू नका. चोखलेली बोटे तशीच माझ्यात येत. एका पठ्ठ्याने चिखल हवा म्हणून माझ्यात थुंकून पाहिले. एकदा चाळताना दुधाचा दात निघाला. शी! आजही आठवले की अंगावर काटा येतो. पण ताई मला चाळून उन्हात ठेवत, वाळू खरपूस तापे आणि मी सगळे पोटात घाली. मुलांची घाण धुतली की जाते.

अशातच भिंगरी आली. हे तिच्या बाबांनी ठेवलेले नाव, कारण ती खुर्चीवर बसली तरी फिरतच असायची. बाबा फ्रिज दुरुस्त करायचे. भिंगरीला सगळे तोंडी येई. गोष्ट एकदा ऐकली की ती पात्रांच्या आवाजांसकट सांगायची. कागदावर मात्र काही उतरत नसे. शाळेने तिला सवलत दिली होती, उत्तरे तोंडी सांगायची. माझ्यात ती स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर काढायला शिकत होती. त्याची गाठ हमखास भलत्याच बाजूला पडायची. मग ती मला हलवून “गेलं” म्हणायची आणि पुन्हा बोट टेकवायची. तिचे बोट चिकट असायचे, तरी मला ते आवडू लागले होते.

मग आमचे केंद्र मोठे झाले. काचेचे दार, गुळगुळीत फरशी आणि ताईंच्या वर एक संचालक सर आले. सर अत्तरात बुडून येत. माझी साधी वाळू त्यांच्या नजरेत भरेना. ती फेकून त्यांनी माझ्यात निळी वाळू ओतली. तिच्यात चमकी होती आणि तिला लिंबाच्या साबणाचा वास होता. मला मळमळू लागले. त्या वासात माणूस असल्याची काही खूण नव्हती.

सरांनी पालकांसाठी सोहळा ठरवला. प्रत्येक मुलाच्या प्रगतीचा छोटा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवायचा. भिंगरीची पाळी आली तेव्हा तिची गाठ अजून चुकतच होती.

“पालकांना निकाल दिसला पाहिजे, ताई,” सर म्हणाले.

“ती तिच्या वेगानं येतेय, सर.”

“वेग व्हिडिओत दिसत नाही.”

सर तिच्या मागे खुर्ची ओढून बसले. तिचे मनगट त्यांनी मुठीत धरले आणि तिचे बोट माझ्यावरून फिरवत तिचे पूर्ण नाव काढले. कॅमेऱ्यात फक्त बोट आणि वाळू येईल असा मोबाइल लावला होता. मित्रांनो, सरांच्या तळव्याला घाम होता आणि त्यावर कसले तरी गुळगुळीत क्रीम होते. ते ओघळून माझ्या वाळूत पडले. तिचे बोट वाळक्या काडीसारखे ताठ झाले होते. वळणावर तिचे नख माझ्या लाकडात रुतले. थुंकी, दात, शेंबूड, मी सगळे सोसले होते. पण त्या दिवशी जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. आणि ताई? ताई खिडकीपाशी मूग गिळून उभ्या होत्या. मला त्यांचीही किळस आली.

सोहळ्यात टाळ्या पडल्या. भिंगरीच्या आईने डोळे पुसत तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि शाळेतल्या बाईंनाही पाठवला. त्यानंतर भिंगरीने मला हात लावणे सोडले. ती खुर्चीवर येऊन बसायची आणि दोन्ही हात काखेत घालायची. तिच्या अंगात फिरणे उरले नव्हते. काय झाले ते मला एका दुपारी कळले, जेव्हा बाबा कामावरून तसेच तिला घेऊन आले.

“ताई, हिचं येणं बंद करतो आता,” ते म्हणाले. “येतंय हिला सगळं, नुसती नाटकं करते. शाळेत कोरी वही देते. बाईंनी तोंडी उत्तरं बंद केली, म्हणाल्या लिहिता येतं तर लिहू दे. आणि घरी विचारलं तर म्हणते, ते मी लिहिलंच नाही. खोटं बोलायला शिकलीय.” त्यांनी मोबाइल पुढे केला. “हे बघा, इथे कसं मोत्यासारखं लिहिलंय.”

आवाज ऐकून सर आत आले. “अहो, येणं बंद कशाला? बसा ना. आत्ता तुमच्यासमोर काढून घेतो.” आणि त्यांनी भिंगरीच्या मागे खुर्ची ओढली.

भिंगरीने हात आणखी आत खुपसले.

“लिही की,” बाबा म्हणाले. “तेव्हा आलं, मग आता काय झालं?”

ताईंनी तोंड उघडले, सरांकडे पाहिले आणि मिटले. माझा जीव नुसता चडफडत होता. मला जीभ असती तर मी चार शिव्या हासडल्या असत्या.

भिंगरी उठली. ती बाबांच्या मागे गेली, त्यांचे मनगट तिने दोन्ही हातांत पकडले आणि त्यांचे बोट माझ्या वाळूत खुपसले. मग ती ओढू लागली. वर, खाली, आडवे, गोल.

“अगं, काय करतेस?”

ती थांबेना. बाबा धट्टेकट्टे गृहस्थ, एका हिसक्यात हात सुटला असता, पण ते गोंधळून गेले होते. त्यांचे बोट माझ्या कडेवर घासले आणि सालटे निघाले.

“हळू गं, दुखतंय.”

“असंच केलं होतं,” भिंगरी म्हणाली. “मी नव्हते लिहीत.”

बाबांनी बोटाकडे पाहिले. मग सरांच्या हाताकडे पाहिले.

“तुम्ही हिचा हात धरला होता?”

“म्हणजे, थोडासा आधार दिला. सगळेच देतात.”

“ताई?”

“धरला होता,” ताई म्हणाल्या. “आणि मी बघत उभी होते.”

बाबा शेजारच्या एका छोट्या खुर्चीवर मटकन बसले. “मी रोज हिला खोटारडी म्हणतोय,” ते म्हणाले. ते कुणाशी बोलत होते कोण जाणे. मग त्यांनी आपले दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले. “हे बघ, माझे हात अडकले. तू काढ तुला येईल तसं.”

ती आपल्या खुर्चीवर परत बसली आणि तिने काढले. खूप वेळ लागला. सरांनी दोनदा घसा खाकरला, तेव्हा बाबांनी त्यांच्याकडे असे पाहिले की ते काचेच्या दाराबाहेर गेले. गाठ पुन्हा भलत्याच बाजूला पडली. बाबांचे ओठ हलले, पण हात मांडीखालून निघाले नाहीत.

मग त्यांनी तिथूनच शाळेत फोन लावला. “बाई, तो व्हिडिओ खोटा आहे. माझी मुलगी खोटं बोलत नव्हती. तिला अजून लिहिता येत नाही.”

‘तिला अजून लिहिता येत नाही’ हे शब्द ऐकून कुठल्या मुलाचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. भिंगरी खुर्चीसकट गर्रकन फिरली.

मित्रांनो, निळी वाळू अजून माझ्यात आहे. तिच्या वासाने मला अजून मळमळते. कुणाला दया आली तर ती बदला, नाही आली तरी मी चालवून घेईन. पण तुमच्या घरात, तुमच्या वर्गात अक्षरांशी झगडणारे कुणी असेल, तर त्याच्या शेजारी बसा, वाट पाहा आणि आपले हात आपल्यापाशी ठेवा.