डाव्या हाताचं वेल्डिंग

मिस्त्रींनी गाडीखाली पाठीवर सरकत टॉर्चचा झोत मागे आणला आणि ड्रायव्हरच्या सीटच्या बरोबर खाली थांबवला. तिथला काळा लेप एका जागी सुटला होता. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्यांनी तो खरवडला. आतून वेल्डिंगची रेघ निघाली. ती या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती, आणि मधेमधे गंजली होती.

वर त्यांची मुलगी गाडीच्या मालकिणीशी बोलत उभी होती. मालकीण नर्स होती, सगळे तिला सिस्टरच म्हणत. आतापर्यंत कसं छान चाललं होतं! बारा वर्षांची गाडी, पण पहिल्या किल्लीला सुरू. वळणावर रस्ता सोडत नाही, स्टिअरिंग एका बोटावर फिरतं, आणि जोर असा की पुढचा ट्रक मागे कधी पडला ते कळूही नये. खोडीही कमी नव्हत्या. पेट्रोल पाण्यासारखं पिणार, पोट इतकं खाली की प्रत्येक गतिरोधकाशी भांडण, मागे उंच माणूस बसला तर गुडघे हनुवटीला. मिस्त्रींनी हे सगळं मुलीला आधीच ऐकवलं होतं. ती नुसती हसली होती. कॉलेजपासून तिला असलीच गाडी हवी होती, आणि नव्या नोकरीसाठी रोज साठ किलोमीटर हायवेने जायचं होतं.

मिस्त्री डावखुरे. त्यांच्या वेल्डिंगच्या वळ्या उलट्या बाजूला कलतात, आणि पत्रा तापून वाकू नये म्हणून ते दर दोन बोटांवर हात उचलतात. असं करणारा दुसरा माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. रेघ त्यांचीच होती.

दहा वर्षांपूर्वी ते दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला होते. अपघातातल्या दोन गाड्या आल्या होत्या, एकीचा पुढचा भाग शाबूत, दुसरीचा मागचा. मालकाने सांगितलं, कापा आणि जोडा. जोरात ठोकर बसली की अशी गाडी जोडावरच उघडते, हे मिस्त्रींना तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पण काम असं बेमालूम झालं की चार जाणकारांना दाखवूनही जोड सापडेना, आणि खरं सांगायचं तर त्यांची छाती फुगली होती. पुढे त्यांनी कानाला खडा लावला. ती गाडी कुणाच्या गळ्यात पडली, हे मात्र कधी विचारलं नाही. आता वरून निळा रंग चढल्यावर ती ओळखू तरी कशी येणार?

ते बाहेर आले. मुलीने डोळ्यांनीच विचारलं.

"नको घेऊस," ते म्हणाले. "इंजिन आतून संपलंय."

आत्ताच तर तुम्ही इंजिनाचं कौतुक करत होता, असं ती म्हणाली. खालून बघितल्याशिवाय कळत नसतं, असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. ती खट्टू झाली. टपावरून एकदा हात फिरवून ती फाटकापाशी स्कूटरकडे गेली, आणि मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

सिस्टरना राग आला नाही. नऊ वर्षांत गाडीने एकदाही आपल्याला रस्त्यात सोडलं नाही, तेव्हा इंजिन संपलंय हे खरं वाटत नाही, पण तुम्ही जाणकार, असं त्या सरळपणे म्हणाल्या. विकायची घाईही त्यांना नव्हती.

"राहू दे मग घरातच. लेकीला परवाच लायसन मिळालंय, तिला हात बसवायला होईल. बंद पडली तर पडली. जिवाला तर धोका नाही ना, मिस्त्री?"

मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिले. नुसतं "नाही" म्हणायचं होतं. फाटकातून मुलीने हाक मारली, निघायचं ना म्हणून. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ते पुसतच होते. स्वतःची त्यांना किळस आली.

"सिस्टर, जरा खाली वाका," ते म्हणाले.

त्यांनी टॉर्च धरला. मुलगीही परत आली, त्यांच्याशेजारी गुडघे टेकून बघू लागली. तिला लांब पाठवायचं त्यांच्या मनात आलं, पण त्यांनी तसं केलं नाही.

"इंजिन ठणठणीत आहे. मी खोटं बोललो. दोन गाड्या कापून ही एक केलीय. ठोकर बसली तर इथून दोन तुकडे होतील. ही चालवू नका, विकूही नका."

सिस्टरनी ती रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिली. लेकीला चौथीपासून ह्याच गाडीने शाळेत सोडत आले, एवढंच त्या म्हणाल्या.

मिस्त्रींच्या मुलीचा चेहरा संतापाने लाल झाला होता.

"असलं काम करणाऱ्याला स्वतःची लेकरं नसतील का, बाबा?"

"होती," मिस्त्री म्हणाले. "तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस."