दोन उजव्या झडपा

आमच्या दुकानात बोलणं बंद झालं तरी काम बंद पडत नाही. लोहारकामाची ही एक मोठी सोय आहे. दादा तापलेली सळई ऐरणीवर धरतो आणि छोट्या हातोडीनं जिथे टिचकी मारतो, तिथे मी घण घालायचा. त्यानं हातोडी रिकाम्या ऐरणीवर वाजवली की थांबायचं. यात तोंड उघडावं लागत नाही आणि एकमेकांकडे बघावं तर मुळीच लागत नाही. त्यामुळे आम्ही बहीणभाऊ एकमेकांवर टम्म फुगलेलो असतानाही रस्त्यानं जाणाऱ्याला वाटत असणार, काय जमतं हो या दोघांचं!

बाकीचं बोलणं वहिनीमार्फत. वहिनी दुकानाच्या पुढच्या भागात बसते आणि फोन, गिऱ्हाइकं, रंगाचे डबे असं सगळं बघते. मी दादापासून दोन हातांवर उभी राहून ओरडायची, "वहिनी, तुझ्या नवऱ्याला सांग, ग्राइंडरची चकती संपली."

"अहो, चकती संपली."

"तिला सांग, कपाटात आहे."

"वन्सं, कपाटात आहे."

शेवटी ती वैतागली. "मी काय इथे टपाल खातं उघडलंय?" असं म्हणून तिनं रेडिओ मोठा केला. मग आमचं चकतीवाचूनच अडू लागलं.

भांडणाला कारण झालं एक घुबड. पुस्तकांच्या दुकानाच्या पाटीसाठी लोखंडी ब्रॅकेट हवा होता, त्यावर बसवायला मी ते घडवलं होतं. एक डोळा उघडा, एक अर्धवट मिटलेला; रात्रभर वाचून डुलकी लागलेलं घुबड. इतकं साधलं होतं की मी स्वतःवरच खूश होऊन जेवायला गेले. परत येते तो घुबड दोन्ही डोळे टक्क उघडून माझ्याकडे बघतंय.

"एक डोळा राहिला होता," दादा म्हणाला. "केला पुरा."

"राहिला नव्हता! मिटलेला होता!"

"मिटलेला कशाला असेल? लोकांना वाटेल, घाईत काम उरकलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. मी केलेल्या माशाची शेपटी, मी केलेल्या कड्याचं टोक, मी वळवलेली वेल, सगळ्यावर शेवटचा हात दादाचा. मी पाठ वळवली की त्याचे हात शिवशिवायला लागतात. वाईट करतो असंही नाही, चांगलंच करतो. पण मग ते माझं राहत नाही. हे काम आम्ही दोघं एकाच भट्टीपाशी, बाबांच्या हाताखाली शिकलो. या गावात आमची कुंपणं, कठडे, पाट्या जागोजागी आहेत, आणि त्यांतली एकही वस्तू माझ्या हातून निघाली तशीच्या तशी उभी नाही. माझी मागणी फार नव्हती. अशी एक तरी वस्तू असावी.

नसेल होत, तर मी निघाले. माझी मैत्रीण खिडक्या बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथे जागा होती, आणि महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत कळव असं ती म्हणाली होती. सरळ चौकटी, सरळ काचा. तिथे निदान मिटलेला डोळा उघडायला कोणी येणार नाही. हे मी वहिनीला सांगितलं आणि वहिनीनं दादाला. दादा म्हणाला, "तिची मर्जी." यावर मला रडू आलं म्हणून मी भाता तपासायला गेले. भाता कशाला तपासायचा, आमच्याकडे विजेचा ब्लोअर आहे.

या सगळ्यात हातात काम होतं दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या गेटचं. दोन झडपांचं गेट, दोन्हींवर चढत गेलेली वेल, आणि वर प्रत्येक झडपेवर एक पक्षी. गेट बंद झालं की दोघं समोरासमोर आले पाहिजेत, चोचीला चोच. बाई नक्षी ठरवायला आल्या तेव्हा बोलताना सारखं आमच्या दातांकडे बघत होत्या, त्यामुळे आम्ही तोंड मिटून सगळ्याला हो म्हणून मोकळे झालो.

अशा जोडकामाची आमच्याकडे एक रीत आहे, बाबांपासूनची. चित्र काढायचं ते फक्त डाव्या झडपेचं. दादा ते समोर ठेवून डावी झडप करतो, आणि मी त्याच चित्रावरून मनातल्या मनात सगळं फिरवून उजवी. उलट बाजूची झडप नेहमी माझी. ती अवघड. हाताला वळणाची सवय एका बाजूची असते, आणि डोकं सारखं म्हणत असतं, इकडे नाही बाई, तिकडे. शिवाय चुकली तर झडप फिरवून लावता येत नाही. पानांच्या शिरा कोरलेल्या असतात रस्त्याच्या बाजूनं, मागे नुसती रिव्हेटची ठोकलेली डोकी. फिरवली तर पक्षी घरातल्यांकडे बघणार आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची पाठ.

मी या वेळीही निमूटपणे उजवीच घेतली. राग आपल्या जागी, काम आपल्या जागी. जाता जाता कोणी म्हणायला नको की हिनं शेवटचं काम टाळलं. फक्त एक खबरदारी घेतली. रोज काम संपलं की माझ्या झडपेवर ताडपत्री, ताडपत्रीवर साखळी आणि साखळीला कुलूप. दादानं कुलूप पाहिलं. त्या दिवशी त्याचा चहा तसाच गार झाला.

तोही आपल्या कोपऱ्यात, ड्रिल मशीनच्या मागे, पाठ करून राबत होता. एरवी वेल वळवताना शीळ घालतो, या वेळी शीळ नाही. उलट मधूनच "छ्या!" ऐकू यायचं आणि वाकडी झालेली सळई पुन्हा भट्टीत जायची. मला आतून बरं वाटत होतं. म्हटलं, मी नाही म्हणून हात चालत नाहीये.

घरचा आरसा गायब झाला तोही याच दिवसांत. वहिनीनं विचारलं तर दादा म्हणाला, दाढीला नेलाय. "दिवसभर दाढी करता की काय दुकानात?" असं ती म्हणाली आणि विसरून गेली.

झडपा तयार झाल्या. मधल्या जागेत दोन लाकडी ठोकळे टाकून मी माझी त्यांवर निजवली, दादानं शेजारी त्याची. दोघंही मागे सरकलो आणि बघत राहिलो.

दोन्ही पक्षी एकाच दिशेला बघत होते. दवाखान्याबाहेर नंबर लावून बसल्यासारखे, एकाच्या पाठीमागे एक.

"तू उजवी का केलीस?" मी ओरडले. इतक्या दिवसांनी त्याच्याशी थेट बोलले ते हे.

"तू का केलीस?"

"मी नेहमीच करते!"

"म्हणूनच तर!" दादाचा चेहरा लाल झाला होता. "म्हटलं, नेहमी अवघड बाजू हिच्या गळ्यात. या वेळी आपण करावी. जाणारच आहे तर निदान शेवटचं काम सोपं जावं हिला. आरसा लावून लावून केली, डोळे फुटायची वेळ आली माझ्यावर."

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला? तुझ्या कुलपाला?"

वहिनी दारात उभी होती. आधी तिनं तोंडाला पदर लावला, मग तिला हसू आवरेना, आणि मग तिच्या लक्षात आलं. "माझा आरसा!" ती म्हणाली.

हसण्यासारखं होतंच. पण हसू ओसरल्यावर तिघांच्याही एकच गोष्ट ध्यानात आली. उजव्या झडपा दोन होत्या आणि डावी एकही नव्हती. एका झडपेचे रिव्हेट छाटून, तिची वेल सोडवून, नवी डावी घडवायची होती. आता छाटायची कुणाची?

मी दादाच्या झडपेकडे पाहिलं. आरशात बघून केलेली असली तरी काम सुबक होतं. वेल एकसारखी, पानं मापात. माझी वेल जरा अवखळ होती, आणि माझ्या पक्ष्याची शेपूट आखूड. मुद्दाम आखूड, कारण तो नुकताच येऊन टेकला आहे आणि अजून तोल सावरतो आहे असं मला दाखवायचं होतं. कुणालाही विचारलं असतं तर त्यानं दादाची ठेवा म्हणून सांगितलं असतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई डोकावल्या. बघून म्हणाल्या, "अगंबाई, रांगेत बसलेत! मला चालेल हं, माझ्याकडे सगळे असेच बसतात."

"बाई, तुम्हाला चालेल, मला नाही चालणार," दादा म्हणाला. "आमच्याकडून चुकीचं गेट जात नाही." बाई त्याच्या दातांकडे एक नजर टाकून निघून गेल्या.

दादानं छिन्नी आणि हातोडा उचलला आणि माझ्या झडपेपाशी आला. वाकला. पक्ष्याच्या शेपटीवरून अंगठा फिरवला.

"ही जरा..." तो म्हणाला.

"दादा, तिला हात लावलास ना, तर मी सोमवारची वाट बघणार नाही. आत्ता जाईन. मला जायचं नाहीये रे. मला इथेच काम करायचंय. पण माझी एक वस्तू, एक तरी, माझी राहू दे."

तो वाकलेला तसाच राहिला. वहिनीनं जाऊन रेडिओ बंद केला.

"बाबा माझ्या प्रत्येक कामाला शेवटचा हात लावायचे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आठवतं? मला वाटायचं, शिकवणं म्हणजे हेच. राग यायचा मला. पण वाटायचं, असंच असतं."

मग तो उठला, दोन पावलं बाजूला सरकला, आणि स्वतःच्या झडपेच्या पहिल्या रिव्हेटवर छिन्नी ठेवून घाव घातला. डोकं उडून थेट रंगाच्या डब्यांत गेलं. मला ओरडायचं होतं, थांब, इतकी चांगली झालीय. पण तो थांबणाऱ्यातला नव्हता.

झडप सुटी झाली तेव्हा तो घामाघूम झाला होता. "बारके, भट्टी पेटव," तो म्हणाला. "आणि ती शेपूट कशी काय केलीस ते दाखव. माझ्या पक्ष्याला तुझ्या पक्ष्यासमोर बसायचंय, जोड दिसली पाहिजे."

डावी झडप आम्ही मिळून केली. म्हणजे त्यानं केली आणि मी शेजारी उभी राहिले. शेपूट आखूड करणं त्याच्या हाताला पटत नव्हतं. पहिली लांब झाली. दुसरी इतकी तोकडी की पक्ष्याला मांजरानं धरून सोडल्यासारखं वाटावं. "अंहं," मी म्हणाले. तो पुन्हा तापवायचा. तिसरी बरीचशी साधली, पण टोक किंचित वर उचललेलं हवं होतं.

"पाणी पिऊन येतो," म्हणून दादा बाहेर गेला.

शेपूट अजून लाल होती. माझ्या हातात हातोडी होती. एक टिचकी, फक्त एक, आणि ती अगदी हवी तशी झाली असती. मी सांडशीनं पक्षी धरला, हातोडी उचलली, आणि तेव्हा मला दिसलं की मी नेमकं काय करते आहे. हात खरंच शिवशिवत होता हो. खोटं कशाला सांगू, खाज सुटल्यागत होत होतं. मी हातोडी पाण्याच्या पिंपामागे टाकली, पुन्हा हाताला लागू नये म्हणून.

दादा परत आला, त्यानं शेपूट पाहिली, मग मला पाहिलं. "लावलास हात?"

"नाही."

"किती वेळ कळ काढलीस?"

"विचारू नकोस. जीव गेला माझा."

तो इतका मोठ्यानं हसला की वहिनी धावत आली. मग तोंडातलं पाणी शर्टावर सांडत म्हणाला, "मला रोज असं होतं गं."

गेट बसवलं तेव्हा ऊन चांगलं होतं. झडपा मिटल्या आणि दोन पक्षी चोचीला चोच लावून बसले. डावा जरा जड, बूड टेकवून. उजवा तोल सावरत. सामान गाडीत भरून मी आणि वहिनी आत बसलो तेव्हा दादा म्हणाला, पाना राहिला, आणि माघारी गेला.

पाना माझ्या मांडीवर होता.

मी गाडीतून उडी मारली. मनात म्हटलं, झालं, गेला शेपूट लांब करायला. धावत कोपऱ्यावर आले. दादा गेटसमोर उभा होता, हात पाठीमागे घट्ट बांधून. डॉक्टरीणबाई आणि शेजारचे कोणी म्हातारे गृहस्थ त्याच्याजवळ होते, आणि गृहस्थ विचारत होते की दोन्ही पक्षी एकसारखे का नाहीत.

"उजवा माझ्या बहिणीनं केलाय," दादा सांगत होता. "डावा मी, तिचा बघून. मला अजून तेवढा जमत नाही."

मी तिथून तशीच परत फिरले आणि गाडीत बसून डोळे पुसले. वहिनीनं विचारलं, काय झालं. म्हटलं, धूळ.

सोमवारी मैत्रिणीचा फोन आला, तेव्हा येत नाही म्हणून सांगितलं. ती खनपटीला बसली, एवढी चांगली जागा, कारण तरी सांग. दादा समोरच उभा होता, सळई ऐरणीवर धरून माझी वाट बघत.

"माझ्या हाताखाली एक जण शिकतोय," मी म्हणाले. "त्याला असा अर्ध्यावर सोडता येत नाही."