थोरला नाल्यात, धाकटा दवाखान्यात

साखळी सोडा, असं त्या दिवशी कोण म्हणालं?

हा प्रश्न मी किती जणांना विचारला. भोंगा वाजवून विचारला, धूर ओकून विचारला, चढावर मध्येच बंद पडून विचारला. ठेकेदाराच्या माणसांनी माझं बॉनेट उघडलं, आत डोकावले आणि म्हणाले, "याचं काहीतरी बिघडलं." बिघडलंच होतं. माझा भाऊ गेला होता.

मी अहेरीकडच्या एका दवाखान्याचा लहान ट्रक बोलतोय. शहरातले लोक पिकअप म्हणतात, इथले नुसतं गाडी म्हणतात. मला नीट क्रमानं सांगता येणार नाही. माझी शाळा झालेली नाही.

आमचा जन्म समुद्रापलीकडचा. मोठी लढाई चालू होती तेव्हा एकाच कारखान्यातून आम्ही दोघं बाहेर पडलो. तो आधी, मी मागून, म्हणून तो दादा. लढाई संपल्यावर आम्हाला परत न्यायला कोणी आलं नाही. लष्करानं मोडीत काढलं, नागपुरात लिलाव झाला आणि बांबूच्या एका ठेकेदारानं आमची जोडी आलापल्लीच्या जंगलात आणली. बैलांची आणतात तशीच.

जंगलातला रस्ता मला कधी पाठ झाला नाही. गरजच नव्हती. पुढे दादा असायचा. त्याच्या चाकांच्या खुणा वाचत जायचं, एवढंच माझं शिक्षण. उतार दिसला की मी सुसाट सुटायचो. मग दादा पुढे मुद्दाम हळू व्हायचा आणि मला त्याच्यामागे दबकत यावं लागायचं. तेव्हा फार राग यायचा.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बांबूतोडीची माणसं पाठीवर घेऊन दादा नाल्यात उतरला आणि मधोमध त्याची आस तुटली. वर कुठेतरी पाऊस पडला असणार. पाणी चढू लागलं. मी काठावर होतो. आम्हा दोघांत साखळी लावली आणि मी जीव तोडून ओढलं. दादा हलला नाही, पण साखळी ताठ राहिली. तिलाच धरून माणसं एकामागून एक माझ्याकडे आली. बाया आल्या, पाठीला बांधलेली पोरं आली.

आणि मग कोणीतरी म्हणालं, साखळी सोडा.

त्यानंतर मी सारखा बंद पडू लागलो, आणि शेवटी ठेकेदाराच्या आवारात पडून राहिलो. कोंबड्या माझ्यावर रात्र काढायच्या. उन्हाळ्यात मुनिमानं मला विकायला काढलं. गिऱ्हाईक नाही मिळालं तर तोडून लोखंडाच्या भावानं द्यायचं, असं तो माझ्यासमोरच बोलला.

गिऱ्हाईक आलं ते बैलगाडीतून. स्वीडन नावाच्या मुलखातली एक नर्स, इंग्रिड. इथले लोक तिला इंगाबाई म्हणतात. तीही माझ्यासारखीच समुद्र ओलांडून आलेली. तिची इथली मुदत संपत आली होती. घरी जायच्या जहाजासाठी तिनं पैसे राखून ठेवले होते. ते माझ्यावर घातले तर घरी जाणं राहणार. नाही घातले तर रानातले आजारी लोक खाटेवर, चार खांद्यांवर येत राहणार. त्यातल्या काही खाटा अर्ध्या वाटेवरूनच परत फिरतात. महिन्यापूर्वी एका बाळंतिणीची तशीच फिरली होती.

तिच्यासोबत दवाखान्यात स्वयंपाक करणारी गुणाबाई होती, आणि गाडी पारखायला आणलेला मुखरू. मुखरूभाऊ म्हणजे दादाचा ड्रायव्हर. त्याला पाहून माझा भोंगा आपोआप वाजला असता, पण बॅटरी मेली होती.

"एका हाताची गाडी हाये, बाई," मुनीम म्हणाला. "सोनं हाये, सोनं."

गुणाबाईनं माझ्या टपावरून बोट फिरवून त्याच्या नाकासमोर धरलं. "अन् हे कोंबडीचं कोणाच्या हातचं?"

मग बैल पारखावा तसं ती मला पाहू लागली. चाक दाबलं, खाली वाकून पोट पाहिलं. "मुखरू, याचे दात कुठी पाहाचे?"

"दात नसते गुणाबाई, गेर असते."

"मंग किती दाताचा हाये कसं समजन?"

इंगाबाई हसली नाही. ती मराठी गुणाबाईच्या चुलीपाशी शिकली होती, त्यामुळे बोलायची तिच्यासारखंच. "मुखरूभाऊ, मले खरं सांगा. ही रानात मधीच मेली तं?"

"मरन नं, बाई. धक्के पेलाचे पाटे गेले हायेत. गेर निसटते. इथी याचं सुटं सामान भेटत नाई."

"मंग कायले घ्याची?"

मुखरूभाऊनं आवारातली दुसरी बॅटरी लावली, समोरून दांडा फिरवून मला चालू केलं आणि दोघींना घेऊन रस्त्याला लावलं. कुठे नेतोय ते मला वळणावरच कळलं. नाल्याच्या काठावर मी बंद पडलो.

नाला कोरडा होता. दादा एका कुशीवर कललेला, मागची चाकं वाळूत रुतलेली. टपावर बगळा बसला होता.

मुखरूभाऊनं वहाणा काढल्या आणि वाळूत उतरला. "हा मोठा. सारी माणसं पाठीवर होती. शेवटचा माणूस उतरला, मंग कलला. त्याच्या आंधी नाई."

"तू कुठी होता तवा?" गुणाबाईनं विचारलं.

"शेवटचा मीच होतो नं."

इंगाबाई त्याच्या मागून उतरली. दादाच्या तापलेल्या पत्र्यावर तिनं हात ठेवला. चटका बसला असणार, पण तिनं काढला नाही. "याचं सामान त्याले बसते?"

"एका मायचे हायेत, बाई. नटाचाबी फरक नाई."

"मंग एक घेतली तं दोन भेटल्या," गुणाबाई म्हणाली. "पण तू तं चालली आपल्या गावाले. तिकडं मोटारीच मोटारी असन. आमी हावोत खाट उचलाले."

टोमणा होता तो, आणि लागायचा तिथे लागला. इंगाबाईनं पत्र्यावरचा हात काढला. मग हळू म्हणाली, "मायले कळवीन, यंदा नाई येत."

परत आलो. मुनीम खूश झाला. नाल्यातला सांगाडाही पाऊस लागायच्या आत घेऊन जा म्हणाला, आणि वरून ती साखळी माझ्या पाठीवर टाकली. गुणाबाईनं ती लगेच खाली ओढली.

"जुन्या धन्याचं दावं आपण घेत नाई. त्याचं त्याच्या घरी. जनावर आपल्या दोरीनं न्याचं."

"गुणाबाई, ही गाडी हाये. चिखलात फसली तं साखळी लागन," इंगाबाईनं सांगून पाहिलं.

"दावं संगं आलं तं जनावर रुजत नाई, बाई. तुले काय मालूम?" मुखरूभाऊनंही मान हलवली. तोही ती साखळी घ्यायला तयार नव्हता.

मला वाटलं, ओरडून सांगावं. दादाला शेवटचं धरलेलं तेवढंच माझ्याजवळ उरलं होतं. पण त्यांनी नवी दोरी आणलेलीच होती. ती माझ्या पुढच्या दांडीला बांधली, चाकाला हळद लावली आणि इंजीन बंद ठेवून, ओढत मला आवाराबाहेर काढलं. बाहेर मुखरूभाऊनं दांडा फिरवून फिरवून पाहिला. मी चालू झालो नाही.

"नवा बैल असाच करते," गुणाबाई माझ्या बॉनेटवर थोपटत म्हणाली. "जुन्या गोठ्याकडं पाहते. राहू दे त्याले घडीभर."

काय बाई आहे! तिला माझं काही माहीत नव्हतं, आणि तिनं सगळं ओळखलं. कोणी मला घडीभर राहू दिलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. मग मी आपणहून निघालो.

आता माझ्या पाठीवर खाट असते. दादाचे पाटे माझ्या अंगात आहेत. खड्डा आला की धक्का आधी दादा पेलतो, मग मला कळतो. उतारावर मी सुटू पाहतो तेव्हा त्याचा गेर मला धरून ठेवतो. मुखरूभाऊ गाडी हाकतो, इंगाबाई मागे खाटेला धरून बसते. रानातल्या वाटेवर आम्ही दिसलो तर तुमची बैलगाडी जरा बाजूला घ्या. खाटेवर कोणीतरी असतं, आणि त्याला उशीर झालेला असतो.

पण ज्या संध्याकाळी ते सामान काढलं, ती संध्याकाळ सांगायची राहिली.

आभाळ भरून आलं होतं. नाल्याला कधीही पाणी आलं असतं. पाटे निघाले, गेरची पेटी अडकून बसली. अंधार पडू लागला तसा मुखरूभाऊ दादाच्या पोटाखालून ओरडला, "बाई, दिसून नाई राह्यलं!"

इंगाबाईनं मला चालू करून नाल्याच्या काठाशी आणलं आणि दिवे लावले. बॅटरी जुनी, इंजीन थांबलं की दिवेही जाणार. आणि एका जागी उभं राहिलं की बंद पडायचं, ही माझी खोड साऱ्या आलापल्लीला ठाऊक.

उजेडात दादा पहिल्यांदा मला पूर्ण दिसला. एकेक वस्तू त्याच्यातून निघत होती आणि गुणाबाई ती पदरानं पुसून माझ्या पाठीवर ठेवत होती. प्रत्येक ओझ्याबरोबर मला वाटलं, बंद पडावं. डोळे मिटावेत.

मी थरथरत राहिलो. मुखरूभाऊ शेवटचा बोल्ट हातात घेऊन बाहेर येईपर्यंत इंजीन थांबू दिलं नाही, आणि दादावरचा उजेड हलू दिला नाही.