मागे उभा असलेला म्होरक्या

वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेले ते गेलेच, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मास्तरांनी एक खोकं आणलं आणि जॅझच्या तबकड्या वाचनालयाला द्यायला भरायला घेतल्या. ज्या सॅक्सोफोनवर जन्मभर जीव टाकला, तो आता त्यांना भिंतीपलीकडच्या कुजबुजीसारखा वाटे. ऐकून हळहळण्यापेक्षा न ऐकलेलं बरं.

मदतीला नात बसली होती. घरात तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं.

"आजोबा, सॅक्सोफोनवाला पुढे उभा आहे. मग नाव या मागच्याचं मोठं का?"

तिच्या हातातल्या कव्हरवर माणसाहून उंच बास, खर्जात वाजणारं तंतुवाद्य, कवेत धरलेला एक जण मागे उभा होता.

"म्होरक्या तो आहे. चालीही त्याच्याच. पण तो नुसता मागे गुणगुणतो. त्याचं एवढं काय, ते मला कधी कळलं नाही."

"मग न कळलेलं देऊन कसं टाकता? आम्हाला तर तुम्ही उत्तर आल्याशिवाय उठू देत नाही."

मास्तरांनी तिच्या हातून कव्हर घेतलं. त्यांनी तबकडी लावली.

सॅक्सोफोन कुठेतरी लांब होता, झांजा तर ऐकूच येत नव्हत्या. बास मात्र समोर बसून बोलावं तसा स्वच्छ ऐकू आला. एक छोटी ओळ वाजवून तो थांबला.

"आता कोण बोललं?" मास्तरांनी विचारलं.

"पियानो. तेच म्हणाला, पण उलटीकडून."

बासनं एकच सूर हलवला. "आणि आता?"

"सॅक्सोफोन वळला. त्याच्या मागोमाग. झांजा थांबल्यात, वाट बघतायत."

मास्तर पुढे सरकले. सॅक्सोफोन आपल्या मनानं भटकतो, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती. प्रश्न तर खालून, बासकडून विचारले जात होते.

"हा तुमच्यासारखाच आहे," नात म्हणाली. "स्वतः थोडं बोलतो आणि बाकीच्यांना बोलायला लावतो."

"थोडं?" आजी स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाजू संपली. मास्तरांनी तबकडी उलटली आणि खोकं नातीकडे सरकवलं. "काढ सगळ्या बाहेर. वरचं तू सांगायचं, खालचं मी."

भरण्यापेक्षा काढायलाच जास्त वेळ लागला. प्रत्येक कव्हरवर बासवाला कुठे उभा आहे, ते आधी शोधावं लागत होतं.